वहीवाले साहेब आणि बाचा बिगुल

आमच्या घरी वही घेऊन आलेल्या माणसाला पाणी द्यायचं, पण पाट द्यायचा नाही, असं मायनं ठरवून टाकलं होतं. पाट दिला की माणूस बसतो, बसला की विचारतो, आणि विचारलं की लिहितो. मालगुजारी गेली, मालगुजाराचे तलाव सरकारकडे आले, तेव्हापासून आमच्या गावात वहीवाल्यांची ये-जा फार वाढली होती. तलाव कोणाचा, मासोळी कोण धरते, तलावाच्या पाळीवरची, म्हणजे बांधावरची मोहाची झाडं कोणाच्या वहिवाटीची, आम्हा मासोळी धरणाऱ्या ढिवरांची घरं किती, जाळी किती, असं विचारत ते यायचे. ते लिहून गेले की पुढच्या वर्षी काही ना काही बदललेलं असायचं. माय शिकलेली नव्हती. तिला वही म्हणजे झाकण घातलेलं मडकं वाटायचं, आत भात आहे की इंगळी, हात घातल्याशिवाय कळायचं नाही. आणि हात घालायची सोय नव्हती, कारण आमच्या घरात अक्षर ओळखणारी एकटी मी. तेही चौथीपर्यंतचं. पुढचं जे काही शिकले ते पुड्यांच्या कागदांवरून आणि लोकांनी टाकून दिलेल्या पुस्तकांतून शिकले.

गाव सिंदेवाहीपासून दोन कोसावर. एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या, आणि बांध्यांच्या पलीकडे जंगल. घर कुडाचं, पुढे ओसरी, मागे सांदवाडी. सांदवाडीत कायम एखादं जाळं वाळत घातलेलं, आणि त्याचा तो ओला, मासोळीचा वास. आज मी सिमेंटच्या घरात राहते, पण कुठे ओल्या सुताचा वास आला की मला वाटतं, आता माय हाक मारणार. पहाटे मुसळाचा आवाज यायचा, एका घरातून सुरू झाला की दुसऱ्या घरातून त्याला जोड मिळायची. जेवण म्हणजे भात, लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी. मासोळी रोजची, पण मोठी मासोळी बाजारात जायची आणि आमच्या ताटात झिंगे, नाहीतर चिंचेच्या पाण्यात शिजवलेल्या बोटभर मासोळ्या यायच्या. मला त्याच आवडायच्या. मोठ्या मासोळीची चव मला लग्नानंतर कळली, आणि फारशी पटली नाही.

माझा बा गोविंदा मोठ्या लढाईत गेला तेव्हा मी मायच्या कडेवर होते, आणि परत आला तेव्हा मी त्याला पाहून पाण्याच्या रांजणामागे लपले. त्यानं बर्म्याच्या जंगलातून आणल्या चार वस्तू: एक घोंगडी, एक कथलाचा मग, इंग्रजीत लिहिलेला फौजेतून सुटल्याचा कागद आणि एक पितळी बिगुल. बिगुलाचा गळा जरा वाकलेला होता. पलटणीचा बँड मोडला तेव्हा बँडच्या हवालदारानं सांगितलं म्हणे, हा आता फौजेच्या कामाचा नाही, घेऊन जा गोविंदा. त्याचा काही कागद नव्हता. हवालदाराच्या तोंडचा शब्द, तेवढाच. बा तो बिगुल आढ्याच्या खालच्या खुंटीला टांगायचा आणि दर बाजाराच्या दिवशी चिंच आणि राख लावून घासायचा. मला हात लावू द्यायचा, फुंकू द्यायचा नाही.

गावाला त्या बिगुलाचा एक उपयोग होता. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की सगळ्या ढिवरांनी एकाच दिवशी मिळून मासोळी धरायची असा रिवाज होता. कोणी आधी जाळं टाकलं तर भांडणं व्हायची, डोकी फुटायची. बा आल्यापासून ती भांडणं थांबली. सगळे जाळी घेऊन कमरेइतक्या पाण्यात उभे राहायचे, आणि बा पाळीवरून बिगुल फुंकायचा. तो आवाज पाण्यावरून जायचा, पलीकडच्या जंगलाला लागून परत यायचा, आणि तो परत आला की जाळी पडायची. पहिल्या आवाजाला नाही, परत आलेल्या आवाजाला. हे कोणी ठरवलं माहीत नाही, पण सगळ्यांनी पाळलं.

या बिगुलाबद्दल गावात जी गोष्ट सांगितली जायची ती माझ्या नामदेवकाकाची, म्हणजे बाच्या धाकट्या भावाची. काका बोलका माणूस. त्याच्या म्हणण्याप्रमाणे बर्म्यात एका डोंगरावर आपली पलटण अडकली, साहेब मारला गेला, आणि माझ्या बानं उभं राहून बिगुल फुंकला, तशी पलटण उठली आणि दुश्मन पळाला. मी ही गोष्ट शाळेत इतक्यांदा सांगितली की मला ती पाहिल्यासारखी वाटायची. बानं ती कधी सांगितली नाही. पण कधी खोडलीही नाही. काका रंगात आला की बा उठून जाळ्याच्या गाठी पाहायला जायचा. मी समजायचे, मोठी माणसं आपल्या तोंडानं आपलं कौतुक सांगत नाहीत.

धान पिवळं पडायला लागलं होतं, दिवाळी झाली होती, तेव्हा ते साहेब आले. कोट, डोळ्यांवर चष्मा, पायात बूट, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत जाड वही. नागपूरच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. गावात शाळेच्या गुरुजींकडे उतरले आणि गुरुजींनी त्यांना सरळ आमच्या ओसरीवर आणून बसवलं. पाट गुरुजींनीच ओढून घेतला, मायला काही करता आलं नाही. तिनं आतून मला खुणावलं, कोणत्या खात्याचा आहे विचार. मी विचारलं. साहेब हसले आणि म्हणाले, मी कोणत्या खात्याचा नाही बाळ, मी इतिहास लिहितो. फौजेतल्या वाद्यांचा. चांद्याच्या किल्ल्यावरच्या नगाऱ्यांपासून थेट आजच्या बँडपर्यंत. आमच्या भागात या विषयावर कोणी लिहिलेलंच नाही.

मी आत जाऊन सांगितलं. माय चुलीपुढे बसली होती.

“बाज्याचा कोनी इतिहास लिहिते का वो?” ती म्हणाली. “हा तलावासाठी आला आहे. बाज्याचं नाव सांगून राह्यला.”

चहा केला. साहेबांनी घेतला. पण मायनं खास त्यांच्यासाठी मासोळी तळली तर म्हणाले, मी खात नाही. ते खरंच खात नसतील, आज मला तसं वाटतं. पण तेव्हा मायच्या मनात शंकेवर शंका बसत गेली. जो आपल्या घरचं खात नाही आणि आपल्या घरचं विचारतो, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा?

पहिला दिवसभर साहेब ओसरीवर बसून विचारत राहिले. मी दाराच्या आड बसून त्यांची लेखणी पाहायचे. मला बाचं बोलणं माहीत होतं, लेखणीचं वागणं नवीन होतं. सकाळी उठवायचा बिगुल कसा, जेवणाचा कसा, दिवे मालवायचा कसा, हे बा तोंडानं वाजवून दाखवायचा आणि लेखणी भराभर चालायची. बँडमध्ये माणसं किती, पोशाख कसा, ढोल कोणत्या बाजूला, चालायचं कसं, हे सगळं लिहून घेतलं. साहेब खूश होते. बाही खुलला होता. इतकी वर्षं त्याला कोणी असं विचारलंच नव्हतं, त्याचे गाल फुगून फुगून लाल झाले होते. मग साहेब पुढे सरकले आणि म्हणाले, आता मुख्य गोष्ट सांगा गोविंदराव. लढाईत कोणता बिगुल वाजवला?

मीही दारातून पुढे सरकले. आता डोंगरावरची गोष्ट येणार होती.

“लढाईत बाजा पेटीत जाते साहेब,” बा म्हणाला. “पेटीले कुलूप. तिथी रात्री खोकल्याले बी मनाई होती, बिगुल कुठचा वाजते?”

“मग बँडवाले काय करत होते?”

“उचलत होते.”

“काय उचलत होते?”

“मानसं. जखमी मानसं. इस्टेचरवर टाकून मागं आनाची. बाजेवाल्याचं लढाईतलं काम तेच.”

लेखणी थांबली. मला आजही ती दिसते, कागदापासून बोटभर वर धरलेली. बा सांगत होता, जंगलात उतार कसा असायचा, चिखल कसा असायचा, कोणाला कुठून आणलं, त्याच्या गावाचं नाव काय होतं. एकेकाचं नाव सांगत होता. लेखणी खाली उतरली नाही. साहेब मान हलवत होते, जसं आपण दुसऱ्याच्या पोराचं कौतुक ऐकताना हलवतो. शेवटी म्हणाले, ते झालं, ते फार दुःखाचं आहे, पण आपण संगीताचं बोलू. आघाडीवर निदान एकदा तरी वाजला असेल ना? आठवून पाहा. बानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं आणि नाही म्हणाला.

मला सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मी साहेबांच्या बाजूची होते. मला माझा डोंगर पाहिजे होता. रात्री भात कालवताना मी बाकडे चोरून पाहत होते. इतकी वर्षं हा माणूस गप्प का बसला, काकाला खोटं का बोलू दिलं, आणि आता म्हणतो ते तरी खरं कशावरून? घरात एक शंका शिरली की ती एकाच माणसावर थांबत नाही. माय साहेबांवर शंका घेत होती, मी बावर.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब गुरुजींबरोबर नाल्यावर आंघोळीला गेले आणि पिशवी आमच्या ओसरीवर ठेवून गेले. बा जाळं घेऊन तलावाच्या पलीकडच्या काठाला गेला होता. मायनं पिशवीतून वही काढली आणि माझ्या पुढ्यात धरली.

“वाच,” ती म्हणाली.

मी म्हटलं, दुसऱ्याची वही वाचू नये असं गुरुजी सांगतात. ती म्हणाली, गुरुजीच्या तलावाचं काही जाऊन नाही राह्यलं. मी वाचलं. अक्षर मोत्यासारखं होतं, त्याचाही मला राग आला. लिहिलं होतं की निवेदक लढाईतल्या वाद्यांबद्दल बोलायचे टाळतो. जखमी उचलल्याची कथा सांगतो. शिकवून तयार केलेले वादक अशा कामाला कोणी लावील हे संभवत नाही. प्रत्यक्ष लढाई पाहिली काय, शंका. आणि खाली रेघ ओढून: बिगुल स्वतः पाहणे. कोठून मिळाला? कागद आहे काय?

मायनं वही मिटून पिशवीत परत घातली. वरचं सगळं तिच्या डोक्यावरून गेलं, शेवटचं तेवढं तिला कळलं. कागद आहे काय. याचा अर्थ आमच्या घरात एकच होता: बिगुल सरकारचा, आणि हा माणूस तो न्यायला आला. मलाही तसंच वाटलं. तिनं खुंटीवरून बिगुल काढला, लुगड्याच्या पदरात गुंडाळला, आणि मला म्हणाली चल.

आता हे नीट सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला आम्ही वेड्या वाटू. आम्ही जित्या मासोळ्या बाजाराच्या दिवसापर्यंत पाण्यातच ठेवायचो. बांबूची मोठी टोपली, वरून तोंड बांधलेलं, पाळीच्या दगडाजवळ पाण्यात बुडवलेली आणि दोरीनं खुंट्याला अडकवलेली. प्रत्येक घरची टोपली वेगळी आणि दुसऱ्याच्या टोपलीला हात लावायचा नाही, म्हणजे नाहीच. तेवढं पाप कोणी करत नसे. आमच्या मायला जगात त्याच्याहून सुरक्षित जागा माहीत नव्हती. घराला आग लागते, कोठीत उंदीर शिरतो, पेटी शिपाई उघडतो. पाण्यात कोण येते? तिनं टोपली वर ओढली, मासोळ्यांच्या मधोमध बिगुल ठेवला, तोंड बांधलं आणि सोडून दिली. शेतकऱ्याच्या बाईनं धानात लपवला असता, सोनाराच्या बाईनं भिंतीत. आम्ही पाण्यात लपवला. आणि बाला सांगितलं नाही, कारण बाला खोटं बोलता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब म्हणाले, आता बिगुल दाखवा. बा हसत उठला आणि खुंटीकडे गेला. खुंटी मोकळी. त्यानं आढ्याखाली हात फिरवला, कोठीमागे पाहिलं, घोंगडी झटकली. मी दाराला चिकटून उभी होते. बा ओसरीवर परत आला तेव्हा त्याचा चेहरा असा होता की जसं कोणी भर बाजारात त्याची पगडी उडवली. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि लेखणीला टोपण लावलं.

“असू द्या गोविंदराव,” ते मऊ आवाजात म्हणाले. “नसेल तर राहू द्या.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्या मऊ आवाजात सगळं होतं: बिगुल नव्हताच, लढाई नव्हतीच, आणि मी तुम्हाला लाजवत नाही. बाला ते कळलं. मलाही कळलं, आणि मी म्हणाले, पाण्यात आहे.

आम्ही तलावाकडे निघालो तेव्हा मागून अर्धं गाव निघालं. आमच्या गावात कोणी घाईनं चाललं की लोक काम टाकून यायचे. बानं टोपली ओढली, तोंड सोडलं, बिगुल बाहेर काढला. त्याच्यातून पाणी आलं, चिखल आला, आणि शेवटी एक बोटभर मासोळी उडून साहेबांच्या बुटाशी पडली. लोक हसले. नामदेवकाका तर पोट धरून खाली बसला. म्हणाला, “दादा, तुहा बिगुल बी आता ढिवर झाला गा.” बा हसला नाही. त्यानं बिगुल झटकला, तोंडाला लावला आणि फुंकला. आतून फक्त बुडबुड निघाली. पुन्हा फुंकला, पुन्हा तेच. लोक आणखी हसले.

साहेब हसत नव्हते. ते बिगुलाकडे पाहत होते, मग मायकडे, मग बाकडे. म्हणाले, स्वतःची वस्तू माणूस पाण्यात का लपवील? बानं मायकडे पाहिलं. माय पदर तोंडाशी धरून उभी. आम्ही त्यांना चोर समजून वस्तू लपवली आणि लपवली म्हणून ते आम्हाला चोर समजले. दोघांनीही एकमेकांना सरळ एक शब्द विचारला नव्हता. साहेब वही काढत मागे सरकले. पाळीच्या दगडांवर शेवाळ होतं. आम्ही अनवाणी माणसं, आमचे पाय ते ओळखायचे. बुटाला काय माहीत. ते घसरले आणि दोन दगड खाली जाऊन पडले. आवाज फार मोठा झाला नाही, पण ज्यांनी ऐकला त्यांना कळलं की पायाचं हाड मोडलं.

लोक धावले. एकजण त्यांना बखोटीला धरून उठवायला गेला आणि बा ओरडला, हात लावू नोको. हा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. रोजचा बा बोलायचा तेव्हा वाटायचं परवानगी मागतो आहे. या आवाजात परवानगी नव्हती. त्यानं दोन बांबू मागवले, धानाची दोन रिकामी पोती मागवली, पोत्यांचे खालचे कोपरे कापून त्यांतून बांबू ओवले. बांबूच्या चिरलेल्या कमच्या पायाच्या दोन्ही बाजूंना लावून स्वतःच्या डोक्याचा फेटा सोडून बांधला. हे सगळं इतक्या कमी वेळात की मायनं आणलेलं पाणी साहेब पिऊन होईपर्यंत झोळी तयार. कोणी म्हणालं, बैलगाडी जुंपू. बा म्हणाला, गाडीच्या धक्क्यानं हाड आत घुसंल, हातावर नेऊ. साहेबांना त्यानं असं उचलून ठेवलं की ते कण्हायला तोंड उघडेपर्यंत झोळीत होते.

पुढे बा, मागे नामदेवकाका, बदलीला आणखी दोन माणसं. मी साहेबांची पिशवी आणि वही घेऊन बाजूनं चालत होते. पाळीवरून उतरल्यावर झोळी झुलायला लागली. साहेब दात आवळून कण्हायला लागले. बा थांबला. मान मागे न वळवता बोलला, आणि ते मी जन्मभर विसरले नाही.

“पाय मिळवू नोको नामदेव. दोघांचा एकच पाय पडला तर झोली पाळन्यासारखी झुलते. मी डावा टाकीन तवा तू उजवा टाक.”

काकाला जमेना. माणसाचे पाय पुढच्याशी आपोआप जुळतात, तुम्ही कोणाच्या मागे चालून पाहा. बा पुन्हा थांबला, पुन्हा सांगितलं. म्हणाला, “बँडात दोन वर्सं पाय मिळवाले शिकवलं. लढाईत गेल्यावर एका दिसात तोडाले शिकवलं. तोडाले जास्त कठीन गेलं.” मग हळूहळू काकाला जमलं. डावा, उजवा. डावा, उजवा. झोळी पाण्यावर ठेवल्यासारखी स्थिर झाली. धानाच्या बांध्यांमधून, नाल्यातून, चढावरून, दोन कोस. मी बाच्या पायांकडे पाहत चालले होते. ते पाय खोटं बोलत नव्हते. असे पाय पडायला माणसानं किती माणसं उचलली असतील, याचा विचार करत मी चालले, आणि माझा डोंगर मी त्या वाटेवर कुठेतरी टाकून दिला. सिंदेवाही जवळ आली तेव्हा पाहिलं, तर साहेबांना झोप लागली होती. मोडलेला पाय घेऊन माणूस झोपला होता.

दवाखान्यात जागे झाल्यावर त्यांनी बाचा हात दोन्ही हातांत धरला. डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. मी त्यांच्या उशाशी वही ठेवली आणि मनात म्हटलं, आता तर लिहितील. आता त्यांच्याजवळ कागद नाही, पण पाठीखालचा पुरावा आहे. बानंही तेच म्हटलं असावं, कारण परत येताना तो काकाला दोन-तीनदा म्हणाला, साहेबाले समजलं आता. बिगुल मायनं चिंचेनं घासून घासून साफ केला, आवाज थोडा घोगरा राहिला, पण जाळी त्या आवाजाला पडत राहिली.

त्यानंतर मी लग्न होऊन चांद्याला आले. तिथल्या वाचनालयात झाडपूस करता करता वाचायची सवय लागली, आणि एके दिवशी ते पुस्तक हाताला लागलं. वर साहेबांचं नाव होतं. मी ते मागून घेतलं आणि गावी गेले. बाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. ओसरीवर बसून मी वाचायला लागले, काका येऊन बसला, माय दारात. सकाळचा बिगुल होता, जेवणाचा होता, दिवे मालवायचा होता, बानं तोंडानं वाजवून दाखवलेलं सगळं होतं. आणि मग लढाईवरचं प्रकरण. त्यात बिगुल वाजत होते. बिगुलाच्या आवाजानं शिपायांचं रक्त उसळत होतं, पलटणी उठत होत्या. खाली बारीक अक्षरात कागदांची यादी: अमुक साहेबाचा हुकूम, तमुक कोठाराची नोंद. त्या कागदांवरून एवढंच कळत होतं की पलटणीला बिगुल दिले होते. वाजले की पेटीत होते, हे कोणत्या कोठारात लिहून ठेवतात? मी त्यानंतर फौजेच्या बाज्याबद्दल जे जे पुस्तक मिळालं ते वाचलं आहे, आणि अजूनही जिथे लिहिलेलं असतं की रणवाद्यं वाजली आणि सैन्य तुटून पडलं, तिथे मी बोट ठेवून विचारते, ऐकलं कोणी? लिहिणारा तिथे होता का, की त्यालाही माझ्यासारखा एक डोंगर पाहिजे होता?

बाचं नाव त्या प्रकरणात नव्हतं. स्ट्रेचर नव्हतं. ज्यांची नावं त्यानं सांगितली होती त्यांच्यातलं एकही नव्हतं. मी पानं उलटी चाळत प्रस्तावनेत गेले आणि तिथे आम्ही सापडलो. साहेबांनी आभार मानले होते. लिहिलं होतं की झाडीपट्टीतल्या एका खेड्यात माझा पाय मोडला असता तिथल्या भोळ्या गावकऱ्यांनी मला पोत्याच्या झोळीतून दोन कोस वाहून नेले. बिचाऱ्यांना कवायतीचा गंध नव्हता, पावलाशी पाऊल जुळत नव्हते, पण त्यांची माया कोणत्याही शिस्तीपेक्षा मोठी होती.

मी थांबले. बा म्हणाला, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. नामदेवकाका उठून उभा राहिला, म्हणाला, याले आताच्या आता पत्र लिही वच्छे, चांगलं खरमरीत लिही, म्हणा आमचा भाऊ पलटणीतला आहे. माय म्हणाली, मी तवाच सांगतलं होतं, पाट देऊ नोको. बा भिंतीला टेकून बसला होता. त्याचे पाय जमिनीवर हलत होते, एक पुढे, एक मागे.

“लिही,” तो शेवटी म्हणाला. “बाकी काही नोको लिहू. एवढंच इचार, दोन कोसात झोली एकडाव तरी हालली का.”

मी कार्ड लिहिलं. मला वाटलं उत्तर येणार नाही. पण महिन्याभरानं आलं, तेच मोत्यासारखं अक्षर, जरा कापरं झालेलं. गोविंदरावांना नमस्कार लिहिला होता, मायला लिहिला होता, मलाही लिहिला होता. आणि खाली: झोळी हलल्याचे मुळीच आठवत नाही. उलट मला त्या वाटेत गाढ झोप लागली होती. परंतु आपण हे का विचारले, ते कळले नाही. कृपया कळवावे.

मी कार्ड घेऊन पुन्हा गावी गेले आणि बाला वाचून दाखवलं. तो इतका हसला की मायनं आतून येऊन पाहिलं काय झालं. मी दुसरं कार्ड काढलं, लेखणी घेतली आणि विचारलं, काय लिहू?

“नोको लिहू,” बा म्हणाला. “इतिहासवाला आहे तो. शोधू दे त्याले.”